विधवेचं दान वाचाल, तर तीन वचनं आधीपासून वाचा

ठाण्यातल्या आमच्या मंडळीचे पाळकसाहेब व पंचमंडळ, आणि खाडीपलीकडच्या, ऐरोलीपासून नेरूळपर्यंतच्या मराठी मंडळ्यांचे पाळक व पंच यांना,

प्रभूच्या नावाने सलाम.

विधवेच्या दानावरची आपली प्रवचनं आणि आपल्यातल्या विधवांना मिळणारी वागणूक यावर हे पत्र उघडपणे लिहिते आहे, कारण हाच विषय पंचांच्या सभेत काढला तर तो ‘इतर विषयां’त जातो आणि इतर विषय निघेपर्यंत चहा आलेला असतो. दुसरं असं की हे एका मंडळीचं, म्हणजे एका चर्चचं, दुखणं नाही. माझी नणंद कोपरखैरण्याला आहे, मावसभाऊ ऐरोलीत. नाताळाला एकत्र बसलो की तिन्ही मंडळ्यांच्या गोष्टी इतक्या जुळतात, की पाळकांची बदली होते पण प्रवचनाची होत नाही अशी शंका येते. म्हणून कोणाचं नाव घेत नाही. ज्यांना आपल्याबद्दल वाटेल त्यांनी आपल्याबद्दल समजावं.

मी अर्पण मोजायला बसते. बँकेत नोकरी केली म्हणून हे काम माझ्याकडे आलं आणि निवृत्तीनंतरही राहिलं. उपासना संपून लोक बाहेर एकमेकांना सलाम करत उभे असतात तेव्हा आम्ही तिघं-चौघं मागच्या खोलीत थैल्या टेबलावर उलट्या करतो. पाकिटं एका बाजूला, सुटे पैसे दुसऱ्या बाजूला. पाकिटावर नाव असतं, वर्गणी क्रमांक असतो, रक्कम असते. ती वहीत चढते, पावती फाडली जाते. सुट्या पैशांना नाव नसतं. चार घड्या घातलेल्या दहाच्या नोटा, दोनाची-पाचाची नाणी. त्यांची एकच बेरीज होते आणि ‘थैली अर्पण’ या एका ओळीत ती बसते. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हार्वेस्टचा, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याचा, सण आता जवळ आला. मला तो मनापासून आवडतो. वेदीपुढे ऊस, केळीचे घड, भोपळे, कोणाच्या तरी गावाहून आलेली बाजरीची कणसं. आपल्यातली कितीतरी घरं नगर, जालना, सोलापूरकडून वागळे इस्टेटमध्ये नाहीतर ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांत पोटासाठी आली. शेत आता कोणाकडे उरलंय? पण त्या दिवशी सगळे शेतकरी होतात. मग लिलाव. दुधी भोपळा हजाराच्या वर जातो. पाय बांधलेली गावठी कोंबडी जिंकणारा ती परत मंडळीला देतो आणि बिचारी पुन्हा लिलावाला उभी राहते. चढाओढ असते, थोडी फुशारकीही असते, पण ज्याला परवडत नाही तो नुसता हसत बघतो आणि त्याला कोणी काही विचारत नाही. लिलावाबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार आहे ती लिलावाच्या आधीच्या प्रवचनाबद्दल. मार्क 12:41 ते 44. येशू मंदिराच्या दानपेटीसमोर बसला आहे, श्रीमंत लोक पुष्कळ टाकताहेत, एक गरीब विधवा येते आणि दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी दोन नाणी, टाकते. येशू शिष्यांना बोलावून सांगतो की हिने सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं, कारण बाकीच्यांनी भरपूर होतं त्यातून दिलं आणि हिने जवळ होतं नव्हतं ते, सगळी उपजीविका, टाकली. आमेन. त्यानंतर गेल्या हार्वेस्टला काय झालं? इमारत फंडाची पाकिटं वाटली गेली. ठरावीक रकमेच्या वर देणाऱ्यांची नावं नव्या सभागृहाच्या संगमरवरी पाटीवर कोरली जातील, अशी घोषणा झाली. आणि पुढे एक वाक्य: विधवेने सगळं दिलं, आपण एक महिन्याचा पगार देऊ शकत नाही का?

त्या क्षणी मी बायबल उघडंच ठेवलं होतं. माझी नजर 41 वरून वर सरकली.

38 ते 40 वाचा. येशू त्याच मंदिरात, त्याच लोकांसमोर सांगतो आहे की शास्त्र्यांपासून, म्हणजे धर्मशास्त्राच्या पंडितांपासून, जपून राहा. त्यांना लांब झगे घालून फिरायला आवडतं, बाजारात लोकांनी मान द्यावा, सभास्थानात पुढची जागा मिळावी, पंगतीत मानाचं पान मिळावं असं वाटतं. ते विधवांची घरं गिळतात आणि दिखाव्यासाठी लांबलांब प्रार्थना करतात. त्यांना जास्त शिक्षा होईल. विधवांची घरं गिळतात! आणि याच्या लगेच पुढच्या ओळीत तो दानपेटीसमोर बसतो आणि एक विधवा येऊन शेवटची कवडी पेटीत टाकते. मार्कने या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या त्या उगाच नाहीत. लूकनेही हाच क्रम ठेवला आहे. त्याच्या विसाव्या अध्यायाच्या शेवटी विधवांची घरं गिळणारे शास्त्री येतात आणि एकविसाव्याच्या पहिल्या वचनाला दानपेटी. फक्त मध्ये अध्यायाची रेघ पडली आहे.

ती रेघ लूकने घातलेली नाही, मार्कनेही नाही. बायबलचे आज आपण वाचतो ते अध्याय तेराव्या शतकाच्या सुरुवातीचे. ते इंग्लंडचे आर्चबिशप स्टीफन लँग्टन यांच्या नावावर आहेत. नव्या कराराच्या वचनांचे आकडे त्यानंतर तीनशेहून अधिक वर्षांनी, 1551 मध्ये, रोबेर एस्तियन या छापखानेवाल्याने घातले. ‘विधवेचे दान’ असे ठळक मथळे तर त्याहून अलीकडे प्रकाशकांनी दिलेले. म्हणजे पवित्र शास्त्र आपण ज्या तुकड्यांत वाचतो ते तुकडे पवित्र नाहीत. मार्कमध्येही हीच गंमत आहे. बारावा अध्याय विधवेपाशी संपतो म्हणून आपण पुस्तक मिटतो. पण तेराव्याचं पहिलं वचन काय? मंदिरातून बाहेर पडताना एक शिष्य म्हणतो, गुरुजी, बघा ना, केवढे हे चिरे आणि केवढ्या इमारती! येशू उत्तर देतो की इथे चिऱ्यावर चिरा राहणार नाही.

आता एकत्र वाचा. विधवांची घरं गिळणारे. विधवा. इमारतीचं कौतुक. इमारत पडेल. हे वाचून इमारत फंडाची पाकिटं वाटायला धाडस लागतं, आणि ते धाडस कौतुकाचं नाही.

मंदिराचा हिशेबही जरा बघू. हेरोदाने त्याची पुनर्बांधणी इसवी सनापूर्वी 20 च्या सुमारास सुरू केली. योहानाच्या शुभवर्तमानात (2:20) लोक म्हणतात की हे मंदिर बांधायला शेहेचाळीस वर्षं लागली, आणि काम त्यानंतरही चालूच राहिलं. इ.स. 70 मध्ये रोमी सैन्याने ते जाळलं, पाडलं. पैशाची व्यवस्था कशी होती ते यहूद्यांच्या मिश्ना ग्रंथात आहे: तुतारीसारख्या तोंडाच्या तेरा पेट्या. धातूची नाणी त्या तोंडातून खाली जाताना वाजत असणार, आणि श्रीमंतांची जास्त वाजत असणार. आपल्याकडे दाराशी क्यूआर कोड लागला आहे. वाण्याच्या दुकानातला रक्कम मोठ्याने सांगणारा तो डबा अजून आलेला नाही, एवढंच. ‘दान करताना आपल्यापुढे तुतारी वाजवू नकोस’ हे मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं येशूचं सांगणं त्या पार्श्वभूमीवर वाचलं की जास्त कळतं. मग संगमरवरी पाटी काय आहे, ते मी सांगायला नको.

आणि त्या दोन टोल्या म्हणजे किती? एक दिवसाची मजुरी म्हणजे एक दिनार. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मालक तेवढीच ठरवतो. त्या दिनाराचा चौसष्टावा भाग म्हणजे तिच्या दोन टोल्या. आज नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराची हजेरी आठशे रुपये धरली तर साडेबारा रुपये झाले. ठाण्यात वडापावसुद्धा यायचा नाही. तरी येशू म्हणतो की ही तिची सगळी उपजीविका होती. म्हणजे त्या संध्याकाळी ती काय जेवली? शुभवर्तमानकार सांगत नाही. आपल्या प्रवचनांत तो प्रश्न कधी विचारलाही जात नाही. आपण तिला मंदिराच्या दारातून बाहेर पडताना सोडून देतो आणि तिचे पैसे मात्र ठेवून घेतो.

तुम्ही म्हणाल, बाई, येशूने तिची स्तुती केली आहे. केली आहे, मी कुठे नाही म्हणते? तिचं मन मोठं होतं, तिचा देवावर भरवसा होता, आणि तिच्या देण्याची किंमत येशूखेरीज कोणी ओळखली नाही. पण शास्त्र वाचताना काय लिहिलं आहे तितकंच काय लिहिलेलं नाही तेही बघावं. चांगल्या शोमरोन्याचा दाखला सांगून झाल्यावर येशू त्या शास्त्र्याला म्हणतो, जा आणि तूही तसंच कर. इथे तो शिष्यांना ‘तुम्हीही असंच करा’ म्हणत नाही. तिला थांबवत नाही, पण तिच्यासारखं सगळं टाका असंही सांगत नाही. तो शिष्यांना बोलावून फक्त दाखवतो. कौतुकाने दाखवतो की कळवळून? मला वाटतं दोन्ही. मुलाच्या फीसाठी मंगळसूत्र मोडणाऱ्या आईकडे बघताना आपल्याला जे वाटतं ते एकाच शब्दात सांगता येतं का? बायबलच्या अभ्यासकांमध्येही यावर बराच खल झाला आहे, तेव्हा ही माझ्या डोक्यातून निघालेली नवी शिकवण नव्हे. आपल्या कॅथलिक बांधवांच्या वाचनक्रमात हा उतारा दर तीन वर्षांनी नोव्हेंबरात येतो, तो 38 पासूनच सुरू होतो. मात्र वेळ वाचवायला 41 पासून वाचण्याची छोटी सोयही त्यात दिलेली आहे. म्हणजे शास्त्र्यांची तीन वचनं गाळण्याचा मोह सगळीकडेच आहे.

आता आपल्याकडच्या विधवेबद्दल.

वार्षिक सभेच्या आधी वर्गणी थकलेल्यांची यादी फलकावर लागते. गेल्या खेपेस ती व्हॉट्सॲप ग्रुपवरही आली, नावं आणि महिने यांसकट. नियम असा की वर्गणी थकली तर सभेत मत नाही, बोलण्याचा हक्क नाही. त्या यादीत आपल्या एका बहिणीचं नाव होतं. नवरा गेल्यापासून ती घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये तीन घरी स्वयंपाक करते आणि कळव्याहून दोन बस बदलून जाते. एखादी मालकीण घरी उशिरा परतली की हिचा रविवारही कामातच जातो. पण ज्या रविवारी ती येते त्या रविवारी माझ्या शेजारीच बसते, आणि थैली समोर आली की रुमालाची गाठ सोडून त्यात काहीतरी टाकते. रिकामा हात मी तिचा कधी पाहिला नाही.

ते पैसे ‘थैली अर्पण’ या ओळीत जातात. तिच्या नावावर एक रुपया जमा होत नाही, कारण तिने ते पाकिटात घालून नाव लिहून दिलेले नसतात. पाकिटवाल्याला पावती, थैलीवालीला थकबाकी. मार्कच्या बाराव्या अध्यायातली ती विधवा आज आपल्या मंडळीत असती तर हार्वेस्टच्या प्रवचनात तिचं गुणगान झालं असतं आणि वार्षिक सभेच्या यादीत तिचं नाव लागलं असतं.

हिशेबाच्या वहीत हे असंच असतं, मला माहीत आहे. वही मीच लिहिते. वहीला पाकीट कळतं, रुमालाची गाठ कळत नाही. पण मंडळीला कळायला हवी.

यादीनंतर ती दोन रविवार आली नाही. तिसऱ्या रविवारी आली ती मागच्या बाकावर बसली. कोणी तिला काही बोललं असं नाही. सगळ्यांनी फोनवर वाचलं होतं, एवढंच.

दशमांशाचंही, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देवाला देण्याचंही, तसंच. मलाखी 3:10 आपल्याला पाठ आहे: दशमांश भांडारात आणा आणि देव आकाशाची दारं उघडतो की नाही ते बघा. छान वचन आहे. पण त्याच अध्यायाचं पाचवं वचन कोणाला पाठ आहे? तिथे देव म्हणतो की मी न्याय करायला येईन आणि जे मजुराची मजुरी बुडवतात, विधवेला आणि अनाथाला छळतात, परक्याचा हक्क हिरावतात त्यांच्याविरुद्ध मी साक्ष देईन. पाचव्यापासून दहाव्यापर्यंत पाचच पावलं, पण आपण थेट दहाव्यावर उडी मारतो. आणि ते भांडार भरून करायचं काय होतं? अनुवाद 14:28-29 मध्ये लिहिलं आहे की दर तिसऱ्या वर्षी दशमांश गावातच ठेवायचा, आणि लेवी (मंदिराची सेवा करणारे), परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी येऊन पोटभर खायचं. पोटभर! विधवा दशमांश देणाऱ्यांच्या यादीत नाही, खाणाऱ्यांच्या यादीत आहे. या नियमाची आठवण एखाद्या हार्वेस्टला कोणी काढली तर मी त्या वर्षी भोपळ्यावर बोली लावीन.

इथे मला नेहमीचं उत्तर मिळतं, तेही येशूच्याच शब्दांत: गरीब तर नेहमी तुमच्याजवळ आहेत. हेही अर्धंच. मार्क 14:7 मध्ये पुढे आहे की तुम्हाला वाटेल तेव्हा तुम्ही त्यांचं बरं करू शकता. आणि ते मूळ वाक्य येतं अनुवाद 15:11 मधून, जिथे देशात गरीब असणारच असं सांगून देव लगेच म्हणतो की म्हणून मी तुला आज्ञा करतो, आपल्या गरजू भावासाठी हात मोकळा सोड. ते ऐकणाऱ्या यहूद्यांना पुढचा भाग आठवत असणार. आपण मागचा घेतो, पुढचा सोडतो, आणि सभागृहात एसी लावतो.

एसीबद्दल बोलले ते जरा लागलं असेल. तेव्हा दुसरी बाजूही मांडते, कारण ती खरी आहे. आपल्या छपराला जुलैत बादल्या लावाव्या लागतात. पाळकसाहेबांचा पगार कधी पंधरवडा लांबतो आणि त्यांनी त्याचा एक शब्द कधी काढलेला नाही. मुलांच्या संडे स्कूलला जिन्याखाली बसावं लागतं. विजेचं बिल विश्वासाने भरता येत नाही. येशूने स्वतः मंदिराचा कर भरला, मत्तयाच्या सतराव्या अध्यायात आहे. त्यामुळे सभागृह बांधू नका, पैसे मागू नका, असं मी म्हणत नाही. मागा. स्पष्ट मागा: छप्पर गळतं, एवढा खर्च आहे, ज्यांना जमेल त्यांनी द्यावं. पौलाने करिंथकरांना असंच लिहिलं. माणसाजवळ जे आहे त्या मानाने त्याचं देणं मान्य होतं, जे नाही त्या मानाने नाही (2 करिंथ 8:12). ती वर्गणीही त्याने यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी गोळा केली होती, चिऱ्यांसाठी नव्हे. प्रश्न एवढाच की छपराच्या पैशासाठी त्या बाईला पुलपिटावर, प्रवचनाच्या व्यासपीठावर, उभी करू नका. तिच्या घरचं छप्परही गळत असेल.

आणि मराठी ख्रिस्ती माणसाला तर हे नव्याने शिकायला नको. पंडिता रमाबाईंनी 1889 च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं ते विधवांसाठी. पुढे दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुली आणि बाया आणल्या आणि केडगावला मुक्ती मिशन ही संस्था उभी राहिली. तिथेही इमारती होत्या, विहिरी होत्या, छापखाना होता, आणि पैसा नेहमी कमी पडायचा. पण तिथे इमारत विधवेसाठी होती. आपण रमाबाईंचं नाव महिला मंडळाच्या कार्यक्रमात घेतो, तसबिरीला हार घालतो. आपल्या पंचांच्या सभेत मात्र मंडळीत विधवा किती, त्यातल्या एकट्या राहणाऱ्या किती, कोणाचं भाडं थकलं आहे, हे कोणाला सांगता येईल? माझ्याकडे थकबाकीची यादी आहे. ही यादी नाही.

पहिल्या मंडळीकडे होती. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय: ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं अशी कुरकुर झाली. भाषेवरून भेद! पण प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प केलं नाही. त्यांनी मंडळीला सात माणसं निवडायला लावली आणि ते काम त्यांच्याकडे दिलं. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तर विधवांची नोंद ठेवण्याचे नियमच आहेत. नावांची यादी मंडळीत लागणार असेल तर ती अशी लागावी.

आपल्याकडे यासाठी काही नवं काढायची गरज नाही. प्रभुभोजनाच्या रविवारी गरीब फंडाची वेगळी थैली फिरायची, ती अनेकांना आठवत असेल. जुन्या अँग्लिकन उपासनेच्या पुस्तकात प्रभुभोजनाच्या वेळी गोळा होणाऱ्या अर्पणात गरिबांसाठीच्या दानाचा उल्लेख आधी येतो. ही थैली कधी बंद झाली ते कोणी ठरवलं नाही. ‘तात्पुरती’ इमारत फंडात मिसळली आणि तिथेच राहिली. ती परत वेगळी काढा. तिच्यातून काय करायचं हे विचाराल तर वाटप नको, बाईला रांगेत उभी करून साडी देऊन फोटो तर मुळीच नको. थकलेलं भाडं भरा, औषधं घ्या, मुलीची फी भरा, आणि हे पाळक व दोन बहिणी सोडून कोणाला कळू नये. डाव्या हाताला कळू नये असंच सांगितलं आहे.

काही मदत पैशाविनाही होते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत 65 वर्षांखालच्या विधवेला महिना 1,500 रुपये मिळतात. त्यासाठी नवऱ्याचा मृत्यू दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा आणि तहसील कार्यालयाच्या फेऱ्या लागतात. वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या आत हवं, त्यामुळे तीन घरी स्वयंपाक करणारी त्यात बसेलच असं नाही. पण ज्या बसतात त्यांचे अर्ज भरून द्यायला आपल्याकडे निवृत्त कारकून कमी आहेत का? निम्मी मंडळी सरकारी नोकरीतून निवृत्त झाली आहे, आणि अर्ज भरण्यात नाही म्हटलं तरी आपला हात कोणी धरणार नाही. मी माझं नाव पहिलं देते.

सारफथच्या विधवेचीही गोष्ट एलीया संदेष्ट्यासाठी शेवटची भाकर देणारी म्हणून आपण सांगतो. पण पहिल्या राजांच्या सतराव्या अध्यायात ती गोष्ट तिथे संपत नाही. त्यानंतर पुष्कळ दिवस संदेष्टा, ती आणि तिचं घर जेवत राहिलं, मडक्यातलं पीठ सरलं नाही. तिने दिलं आणि तिचं मडकं भरलेलं राहिलं. पंचांनी कधीतरी हिशेब तपासताना हाही तपासावा: जिने दिलं तिचं मडकं आपल्या मंडळीत कोण भरतं?

माझ्या मागण्या आता सांगते. येत्या हार्वेस्टला मार्कचा बारावा अध्याय वाचायचा असेल तर 38 पासून 13:2 पर्यंत वाचा, आणि वाचन महिला मंडळातल्या एखाद्या विधवा बहिणीकडे द्या, तिची इच्छा असेल तर. त्यावर काय बोलायचं ते पाळकसाहेबांनी ठरवावं. ऐकायला मी पुढच्या बाकावर असेन. त्या दिवशी इमारत फंडाची पाकिटं वाटू नका, आठ दिवसांनी वाटा. संगमरवरी पाटीवर नावांऐवजी फक्त साल कोरा. थकबाकीची यादी ग्रुपवर टाकणं बंद करा, आणि जी बाई एकटी घर चालवते तिची वर्गणी माफ करून मत ठेवा. दफनाच्या वेळी वर्गणीचं पुस्तक उघडायची पद्धत आपल्याकडे नसेल तर उत्तम. ज्या मंडळ्यांत असेल त्यांनी ती आजच सोडावी, त्याला सभेच्या ठरावाचीही वाट पाहू नये.

मावसभाऊ म्हणाला, असं पत्र लिहिलंस की तुला मोजणीच्या टेबलावरून उठवतील. उठवोत. बेरीज कोणालाही करता येते.

हे विषय वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत घ्यावेत अशी सूचना मी वेगळ्या कागदावर, नियमाप्रमाणे मुदतीच्या आत, सेक्रेटरीसाहेबांकडे दिली आहे आणि पोच घेतली आहे. सभेत त्यावर मी बोलेन. माझी वर्गणी डिसेंबरपर्यंत भरलेली आहे, तेव्हा मला बोलू द्यावं लागेल. त्या बहिणीला बोलता येईल का, ते तुम्ही आधी ठरवून कळवा.

ख्रिस्तात आपली,
मोजणीच्या टेबलावरची एक बहीण, ठाणे